हापशाचा दांडा आणि डॉ. जॉन स्नो

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमध्ये पाण्यातल्या क्लोराइडचं टायट्रेशन आपण सगळ्यांनीच केलेलं आहे. ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट, खाली फ्लास्कमध्ये पाणी, त्यात दोन थेंब पोटॅशियम क्रोमेट, आणि पिवळा रंग विटकरी व्हायची वाट बघत ताटकळलेले आपण! रीडिंग आलं, जर्नलमध्ये उतरवलं, सरांची सही मिळाली, विषय संपला. हे करून नक्की कोणाचं भलं होतं, असा प्रश्न तेव्हा तुम्हालाही पडला असेल. मला त्याचं उत्तर एका माणसाचं चरित्र वाचताना मिळालं. याच सिल्व्हर नायट्रेटचा उपयोग करून १८५४ साली लंडनमधल्या एका डॉक्टरने कोणत्या घरात कोणत्या कंपनीचे पाणी येते ते ओळखले, आणि त्यावरून कोणत्या घरातली माणसे मरत आहेत व का मरत आहेत हेही शोधून काढले. त्या डॉक्टरचे नाव जॉन स्नो.

स्नोची गोष्ट सहसा फार सोपी करून सांगितली जाते. कॉलऱ्याची साथ आली, डॉक्टरने नकाशा काढला, पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. गोष्ट छान आहे, पण ती पूर्ण खरी नाही. खरी गोष्ट बरीच लांब आहे. तिच्यात एक पाद्री आहे, आकडे जमवणारा एक सरकारी अधिकारी आहे, एक सर्व्हेयर आहे आणि शेवटी शेवटी एक सिव्हिल इंजिनिअरसुद्धा आहे. म्हणून ती आपल्या मॅगझिनमध्ये सांगावीशी वाटली.

जॉनचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात झाला. वडील मजुरी करायचे. नऊ भावंडांत जॉन थोरला. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत. अशा घरातला मुलगा डॉक्टर होणं तेव्हा सोपं नव्हतं. पण मुलगा हुशार आहे हे आईवडिलांनी ओळखलं आणि १८२७ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला दूर न्यूकॅसलला एका सर्जनकडे उमेदवारीला ठेवलं. आपण चौदाव्या वर्षी नववीत असतो आणि युनिट टेस्टचं टेन्शन घेतो! जॉन त्या वयात औषधं कुटत होता, जखमा बांधत होता आणि डॉक्टरांच्या मागे मागे रोग्यांकडे जात होता.

१८३१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिल्यांदा कॉलरा शिरला. मराठीत आपण ज्याला पटकी म्हणतो तोच हा रोग. १८१७ पासून बंगालमधून निघालेल्या साथी व्यापाराच्या आणि सैन्याच्या वाटेने पश्चिमेकडे सरकत होत्या. आता ती न्यूकॅसलच्या शेजारच्या सुंदरलँड बंदरात उतरली. डॉक्टर कमी पडायला लागले, तेव्हा अठरा वर्षांच्या जॉनला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीवर एकट्याला पाठवण्यात आलं. (हीच ती खाण, जिथे जॉर्ज स्टीफन्सनने १८१४ मध्ये आपलं पहिलं वाफेचं इंजिन चालवलं. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी!) सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत सुकून निळा पडून मरायचा. जॉनजवळ त्यावर काही इलाज नव्हता. कुणाजवळच नव्हता. पण त्याने एक गोष्ट बघून ठेवली. खाणकामगार आठ-नऊ तास जमिनीखाली असत, तिथे शौचाची सोय नव्हती, आणि त्याच न धुतलेल्या हातांनी ते बरोबर आणलेला डबा खात. ही गोष्ट तो पुढे वीस वर्षे विसरला नाही.

१८३६ मध्ये जॉन वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेला. कसा? तर पायी! तेही सरळ रस्त्याने नाही, लिव्हरपूल, वेल्स आणि बाथ असा मोठा वळसा घालून. १८३८ मध्ये तो सर्जन झाला, १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. मिळाली. आता डॉक्टर झाले म्हणजे आपण त्यांना अहो-जाहो करायला हवं.

डॉ. स्नो हे पार्टीला बोलवावं असे गृहस्थ नव्हते. सतराव्या वर्षापासून शाकाहारी, दारूला शिवत नसत, पाणीसुद्धा शुद्ध केल्याशिवाय पीत नसत. लग्न केलं नाही. आवाज घोगरा, बोलणं तुटक, सभेत भाषण करायला उभे राहिले की लोक कंटाळायचे. आपल्याकडे ग्रुप डिस्कशनच्या राउंडलाच बाहेर पडले असते! प्रॅक्टिसही सुरुवातीला यथातथाच होती. पण वैद्यकीय सोसायटीच्या बैठकांना मात्र ते न चुकता जात.

मग १८४६ आले. अमेरिकेत बोस्टनला ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया झाली आणि वर्षअखेर ही बातमी लंडनला पोचली. सगळे दंतवैद्य आणि सर्जन ईथरच्या मागे लागले. कधी रोगी बेशुद्ध व्हायचा, कधी अर्धवट शुद्धीत ओरडायचा. असं का होतं ते कोणालाच कळेना. स्नोंच्या लक्षात आलं की हा प्रश्न औषधाचा नसून फिजिक्सचा आहे. हवेत ईथरची वाफ किती मावते हे तापमानावर अवलंबून असतं. थंड खोलीत कमी, गरम खोलीत जास्त. त्यांनी वेगवेगळ्या तापमानाला हवेत वाफेचं प्रमाण किती राहतं याचं कोष्टक तयार केलं आणि १८४७ मध्ये पाण्याच्या सहाय्याने तापमान स्थिर ठेवणारं एक उपकरण बनवलं. म्हणजे डोस आता डॉक्टरच्या हातात आला. त्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले, आणि स्नो लंडनमधले सर्वांत भरवशाचे भूलतज्ज्ञ झाले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात त्यांनीच तिला रुमालावर थेंब थेंब टाकून क्लोरोफॉर्म दिला. १८५७ मध्ये पुन्हा एकदा दिला. मजुराचा मुलगा राजवाड्यात पोचला होता. इथेच थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

पण कॉलरा डोक्यातून जात नव्हता. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं गेली. त्या काळी बहुतेक शहाण्यासुरत्या लोकांची खात्री होती की कॉलरा घाणीच्या वासातून, सडक्या हवेतून पसरतो. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, पण जरा विचार करा. गरीब वस्तीत वास जास्त आणि मरणही जास्त, हे रोज डोळ्यांना दिसत होतं, नाकाला कळत होतं. पुरावा नव्हता असं नाही. पुरावा होता, अर्थ चुकत होता.

स्नोंना हे का पटलं नाही, यातच खरी गंमत आहे. ते दिवसभर माणसांना वाफा हुंगवण्याचंच काम करत होते. वायू फुप्फुसात गेला की काय होतं, अंतर वाढलं की तो किती पातळ होतो, हे त्यांच्याइतकं लंडनमध्ये फार थोड्यांना माहीत असेल. हवेतून विष येत असेल तर हाडं-कातडी उकळणाऱ्या कारखान्यातले कामगार सगळ्यांत आधी मरायला हवेत, ते तर ठणठणीत! दुसरं म्हणजे, हवेतून शरीरात शिरलेलं विष आधी रक्तात जाऊन ताप यायला हवा. पण कॉलरा सुरू होतो तो थेट पोटापासून. याचा अर्थ तो हुंगला जात नाही, गिळला जातो. रोग्याच्या जुलाबातून काहीतरी बाहेर पडतं, ते पाण्यात मिसळतं आणि दुसऱ्याच्या पोटात जाऊन वाढतं. १८४९ मध्ये त्यांनी हे एका छोट्या पुस्तिकेत छापलं. भूलशास्त्रातलं ज्ञान साथीच्या रोगाला असं लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. आणि ते कोणाला पटलंही नाही.

इकडे सरकारने वास घालवण्याची मोहीम काढली होती. घरांखालचे मैल्याचे खड्डे बंद करून सगळी घाण गटारांतून थेम्स नदीत सोडायची. कामाला जोरात सुरुवातही झाली. आणि लंडनच्या बऱ्याच भागाला पिण्याचं पाणी कुठून यायचं? त्याच थेम्समधून! म्हणजे वास घरातून गेला आणि रोग नळातून परत आला. प्रॉब्लेम सोडवण्याऐवजी पुढे ढकलला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

स्नोंच्या बाजूला तेव्हा मोठी माणसं नव्हती, उलट एक मोठा माणूस विरुद्ध होता. विल्यम फार हे इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले संख्याशास्त्रज्ञ. कोण, कुठे, कधी, कशाने मेलं याची यादी दर आठवड्याला छापून काढायचे. १८४९ च्या साथीच्या आकड्यांवरून त्यांनी एक नियम काढला. जमीन नदीच्या जितकी वर, तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी. आलेख इतका सुंदर जुळत होता की फार यांना वाटलं, नदीकाठच्या जड दूषित हवेचा हा पुरावाच आहे. पण सखल भागातले लोक नदीच्या खालच्या टप्प्यातलं घाण पाणी पीत होते, आणि उंचीबरोबर पाणीही बदलत होतं! आलेख बरोबर, कारण चूक. तरीही फार हा प्रामाणिक माणूस होता. स्वतःला पटत नसतानाही त्यांनी कोणत्या भागात कोणती कंपनी पाणी देते ते आकड्यांच्या शेजारी नोंदवायला सुरुवात केली. त्यांच्या या नोंदी नसत्या तर स्नोंना पुढचं काम करता आलं नसतं.

दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ होते. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसीला, म्हणजे शहराची घाण मिसळलेल्या जागी, थेम्समधून पाणी उचलायची. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली उचलण्याची जागा वर, शहराच्या घाणीपासून दूर, थेम्स डिटनला हलवली होती. आणि दोन्ही कंपन्यांनी स्पर्धेत एकाच रस्त्यावर आपापले पाइप टाकलेले! शेजारी शेजारी घरं, तीच गरिबी, तीच हवा, तोच वास, फरक फक्त नळाचा. सुमारे तीन लाख लोकांवर नकळत एक प्रयोग चालू होता. १८५४ मध्ये साथ परत आली तेव्हा स्नोंनी फार यांच्या ऑफिसातून मृतांचे पत्ते मिळवले आणि एका सहकाऱ्याला घेऊन घरोघरी फिरायला सुरुवात केली.

अडचण अशी की भाडेकरूंना आपल्या पाण्याची कंपनीच माहीत नसायची. बिल घरमालक भरायचा. इथे आपलं सिल्व्हर नायट्रेट आलं. बॅटरसीपर्यंत समुद्राची भरती पोचत असे आणि शिवाय शहराचं सांडपाणी, त्यामुळे त्या पाण्यात मिठाचं प्रमाण थेम्स डिटनच्या पाण्याच्या सुमारे चाळीस पट. स्नो घरातून बाटलीभर पाणी आणत, त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. एका पाण्यात जेमतेम धूसर छटा, दुसऱ्यात पांढरा गाळ. बिलाची गरजच नाही!

सात आठवड्यांचा हिशोब असा निघाला. सदर्क अँड व्हॉक्सहॉलची घरे ४०,०४६ आणि कॉलऱ्याचे मृत्यू १,२६३. लँबेथची घरे २६,१०७ आणि मृत्यू ९८. म्हणजे दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. साडेआठ पट फरक. संख्याशास्त्राच्या सरांना विचारा, यावर काही बोलायला जागा राहते का!

हे काम चालू असतानाच, ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री, स्नोंच्या स्वतःच्या घरापासून थोड्याच अंतरावर सोहो भागात भयंकर साथ उसळली. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास अडीचशे यार्डांच्या परिसरात दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. एकेका घरात चार-चार मृत्यू. जे पळू शकत होते ते पळाले, दुकानं बंद, रस्ते ओस. स्नोंचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशावर गेला. चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्या हापशाचं पाणी दिसायला बरं होतं आणि चवीला तर लोकांचं आवडतं होतं.

त्यांनी पुन्हा नोंदणी कार्यालयातून ८३ मृत्यूंची यादी घेतली आणि दारं ठोठावायला लागले. जवळपास सगळे मृत्यू याच हापशाच्या जवळचे. ज्या १० घरांना दुसरा हापसा जवळ होता, त्यातली ५ घरं मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचं पाणी मागवायची. त्यांना अपवादांनी जास्त शिकवलं. जवळच्या गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये ५३५ माणसं आणि मृत्यू फक्त ५, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. बिअरच्या कारखान्यात सत्तर कामगार आणि कॉलऱ्याने एकही गेला नाही, कारण त्यांना बिअर फुकट मिळायची आणि ते हापशाकडे फिरकतच नसत. (होस्टेलच्या मित्रांनी यातून चुकीचा बोध घेऊ नये!) उलट काही मैल लांब हॅम्पस्टेडला, जिथे कॉलऱ्याचा मागमूस नव्हता, तिथे एक विधवा बाई कॉलऱ्याने गेल्या. त्या पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत, तिथल्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज बाटली भरून मागवत. त्यांच्याकडे आलेली पुतणीही तेच पाणी पिऊन स्वतःच्या घरी परतली आणि गेली.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो स्थानिक मंडळाच्या बैठकीत गेले आणि आपलं म्हणणं मांडलं. मंडळींना फारसं पटलं नाही. पण माणसं मरत होती आणि हातात दुसरं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, हापशाचा दांडा काढला गेला.

आणि साथ थांबली? खरं सांगायचं तर ती आधीच ओसरत होती. निम्म्याहून अधिक वस्ती पळून गेली होती. हे खुद्द स्नोंनीच आपल्या पुस्तकात प्रामाणिकपणे मान्य केलं. प्रसिद्ध नकाशाही नंतरचा आहे, तो त्यांनी डिसेंबरमध्ये सभेत दाखवला. त्यामुळे विरोधकांना बोलायला जागा मिळाली. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने १८५५ मध्ये पाण्याची कल्पना सरळ फेटाळली.

इथे गोष्टीत पाद्री येतो. हेन्री व्हाइटहेड, वय २९, त्याच भागातल्या सेंट ल्यूक चर्चचा सहाय्यक धर्मगुरू. मरणाऱ्या प्रत्येकाच्या उशाशी तो बसला होता, घरं न् घरं त्याला नावानिशी ठाऊक. त्याला स्नोंचं म्हणणं साफ चुकीचं वाटलं. त्यानेही ते पाणी प्यायलं होतं, आणि ते पाणी पिऊन बरे झालेले रोगीही बघितले होते! या परगण्याने चौकशी समिती नेमली तेव्हा स्नो आणि व्हाइटहेड दोघंही तिच्यात होते. स्नोंना खोटं ठरवण्यासाठी व्हाइटहेड कामाला लागला.

एका घरात तो चार-चार पाच-पाच वेळा गेला. जे मेले त्यांची यादी स्नोंकडे होती, पण जे जगले त्यांनी काय प्यायलं हे कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल ग्रुपच नव्हता. ब्रॉड स्ट्रीटवर हापशाचं पाणी पिणाऱ्या १३७ जणांपैकी ८० आजारी पडले होते, न पिणाऱ्या सुमारे ३०० जणांपैकी फक्त २०. व्हाइटहेड हळूहळू गप्प झाला. हे आकडे त्याने स्वतः जमवले होते, स्वतःच्या मताविरुद्ध.

पण साथ सुरू कुठून झाली? १८५५ च्या वसंतात मृत्यूंच्या नोंदी चाळताना व्हाइटहेडला एक ओळ दिसली. ४० नंबरच्या घरातली पाच महिन्यांची मुलगी, २ सप्टेंबरला मृत्यू, त्याआधी काही दिवस जुलाब. कारणात कॉलरा लिहिलेला नसल्यामुळे ती कोणाच्याच यादीत नव्हती. तो धावत तिच्या आईकडे गेला. साथीच्या आधीपासून बाळ आजारी होतं. आईने दुपटी धुतलेलं पाणी घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात टाकलं होतं. आणि तो खड्डा हापशाला अगदी लागून.

आता गरज होती फावड्याची! समितीच्या सर्व्हेयरने तिथे खोदकाम करून घेतलं. खड्ड्याच्या विटा सडून निखळलेल्या, आणि खड्डा व विहीर यांच्यात तीन फुटांपेक्षाही कमी माती. पाणी झिरपत होतं याच्या खुणा स्पष्ट होत्या. डॉक्टरचा तर्क, पाद्र्याची ओळखपाळख, सरकारी नोंदवही आणि सर्व्हेयरची मोजपट्टी, यातली एक गोष्ट जरी कमी असती तरी हा धागा जुळला नसता.

अजून एक गोष्ट तेव्हाच उघड झाली. त्या बाळाचे वडील पोलीस शिपाई होते. त्यांनाही कॉलरा झाला, तो नेमका ८ सप्टेंबरला, ज्या दिवशी दांडा काढला त्याच दिवशी! त्यांचीही घाण त्याच खड्ड्यात जाणार होती. दांडा जागेवर असता तर साथ पुन्हा पेटली असती, अशी दाट शक्यता होती. म्हणजे दांड्याने पहिली साथ थांबवली नसेल, पण बहुतेक दुसरी होऊ दिली नाही. हे कळायलाही पाद्रीच लागला.

तरीसुद्धा स्नोंच्या वाट्याला मान आला नाही. पुस्तकावर स्वतःचे पैसे घातले, त्यातले फारच थोडे परत आले. १८५५ मध्ये ते पार्लमेंटच्या समितीपुढे उभे राहिले आणि वास मारणाऱ्या कारखान्यांमुळे साथी येत नाहीत असं शास्त्राला धरून सांगितलं, तर मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांच्यावर तिखट टीका केली. घाणेरड्या कारखानदारांचा वकील अशी त्यांची प्रतिमा झाली. ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाला तर साथ ओसरल्यावर दांडा परतही बसवला गेला! स्नो शांतपणे क्लोरोफॉर्म देत राहिले, लिहीत राहिले.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरच्या ग्रंथाचं हस्तलिखित पुरं करत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि १६ जूनला ते गेले. वय फक्त ४५. नेमका तोच महिना लंडनच्या इतिहासात महादुर्गंधीचा म्हणून प्रसिद्ध आहे. कडक उन्हाळ्यात थेम्स इतकी सडली की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसवेना. घाबरलेल्या खासदारांनी ऑगस्टमध्ये घाईघाईने कायदा करून जोसेफ बॅझलजेट या सिव्हिल इंजिनिअरला भुयारी गटारांसाठी पैसे दिले. बॅझलजेटने नदीला समांतर सुमारे ८२ मैलांची मोठी गटारं बांधली आणि शहराची घाण पूर्वेला, शहराबाहेर नेऊन सोडली. खासदारांना वास घालवायचा होता. वास गेला, आणि त्याच्याबरोबर पिण्याच्या पाण्यातली घाणही गेली. चुकीच्या कारणासाठी बरोबर पाइप टाकला गेला!

१८६६ मध्ये लंडनमध्ये शेवटची मोठी साथ आली, ती प्रामुख्याने पूर्व भागात, जिथे बॅझलजेटचं काम अजून पूर्ण व्हायचं होतं. यावेळी चौकशीत विल्यम फार यांनी पाण्याच्या कंपनीचाच माग काढला आणि आपलं जुनं मत जाहीरपणे सोडून दिलं. मदतीला कोण होतं? तोच हेन्री व्हाइटहेड. फार यांनी स्नोंचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. ऐकायला स्नो नव्हते, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

कॉलऱ्याचा जंतू इटलीतल्या फिलिप्पो पाचिनीने १८५४ मध्येच, म्हणजे ब्रॉड स्ट्रीटच्याच वर्षी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पण त्याची दखल कोणी घेतली नाही. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉखने इजिप्त आणि आपल्या कलकत्त्यात तो पुन्हा शोधला, तेव्हा कुठे जगाला पटू लागलं. स्नोंनी जंतू कधीच पाहिला नाही. न पाहताच तो कुठून जातो, कुठे वाढतो, हे सांगितलं. व्हाइटहेडने मात्र मरेपर्यंत, म्हणजे १८९६ पर्यंत, स्नोंचा फोटो आपल्या खोलीत लावून ठेवला होता.

आता त्या रस्त्यावर हापशाची प्रतिकृती आहे आणि कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्याला जॉन स्नो असं नाव दिलं आहे. आयुष्यभर दारूपासून दूर राहिलेल्या माणसाचं हे स्मारक!

मित्रांनो, आपल्याकडे मेकॅनिकलवाला सिव्हिलच्या बिल्डिंगमध्ये फक्त कँटीनचा शॉर्टकट म्हणून जातो. प्रोजेक्टसाठी ग्रुप करताना आपण आपल्याच ब्रँचचे, आपल्याच विंगमधले आणि शक्यतो आपल्याशी वाद न घालणारे पार्टनर शोधतो. स्नोंच्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो त्यांना खोटं ठरवायला निघालेला पाद्री, आणि ज्यांचे आकडे वापरले ते फार तर अनेक वर्षं विरुद्ध पार्टीत होते. या लोकांनी एकमेकांची मतं लगेच मान्य केली नाहीत, पण एकमेकांच्या नोंदी मात्र मान्य केल्या. मला वाटतं एकत्र काम करायला तेवढं पुरतं.

तेव्हा ज्युनिअर्सना एक विनंती. यंदा क्लोराइडच्या प्रॅक्टिकलला उभे राहाल तेव्हा रीडिंग शेजारच्याचं कॉपी करू नका. फ्लास्कमध्ये पाणी कुठलं आहे ते निदान एकदा विचारा.